खळ्यावरचा गोल्फ

अख्ख्या तेल्हारा तालुक्यात स्वतःच्या वावरात गोल्फचं मैदान असलेला शेतकरी एकटा मीच. त्या मैदानावर माह्या पह्यल्याच चेंडूनं म्या घरचा पान्याचा माठ फोडला, आन माठ ठेवला होता माह्या पाठीमागं.

यंदाही सोयाबीन निघालं. सोयाबीन निघालं का वावर नुकती हजामत केल्यावानी दिसते, आन हात फिरवला तं टोचते बी तसंच. चपलीतून खुंट घुसतात. कुटाराच्या भुश्याचा कोरडा वास नाकात जाऊन बसते तो उठायचं नाव घेत नाई. तिकून तुरीले पिवळा फुलोरा आलेला, शेजारी कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली. सकाळी तोंडातून वाफ निघते, दुपारी आंगातून घाम. शोभा, म्हंजे माही बायको, म्हने, हरभरा पेरा लवकर, ओल चालली. मी हो म्हनतो आन विहिरीजवळच्या कोपऱ्याकडं पाहत उभा राहतो. तिथं आता काहीच नाई. मातीचा रंग तेवढा जरासा भुरका हाय, जसं का कोनी बसून उठून गेलं असन.

तिथं माह्या इवाईनं एक अख्खा हिवाळा काढला.

इवाई म्हंजे माह्या पोरीचे, मनीषाचे सासरे. अकोल्याचे, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. मानूस येवढा ताठ का आमच्या घरी पंगतीत मांडी घालून बसले तरी उभे असल्यावानी वाटत. सोयरीक जमली त्या दिवशी मी लय सांभाळून बसलो होतो. सगळं नीट बोललो, सकाळपासून जिभेले बांधून ठेवलं होतं. आन शेवटच्या चहाले, सगळं ठरून गेल्यावर, उठता उठता माह्या तोंडातून निघालं, "पोरगी जराशी चिडकी हाय बरं, इवायबुवा." शोभानं माह्याकडं असं पाहिलं का चहा थंडा झाला. सुभेदारानं कप खाली ठेवला, रुमालानं मिशी पुसली आन म्हनले, "आमच्याकडं सगळेच चिडके हायेत. तिले करमन." त्या दिवसापासून मी त्या मानसाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं येवढंच.

मंग एका पावसाळ्यात त्यायले अर्धांगाचा झटका आला. वाचले. चालायले बी लागले. पन उजवा हात मनगटाजवळ लाकडासारखा झाला, आन तोंडाची एक बाजू हसायची, तं दुसरी अजून विचार करत राहायची. दिवाळी झाल्यावर ईनबाई, म्हंजे सुभेदाराच्या घरच्या, त्यायले आमच्याकडं घेऊन आल्या. त्यायचं औषध, स्वेटर आन एक लांबलचक थैला शोभाच्या हवाली केला आन संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. मले वाटलं थैल्यात बंदूक हाय. म्या पाहुण्याच्या खोलीत तो थैला भिंतीकडं तोंड करून उभा केला.

त्यात निघाल्या काठ्या, लोखंडी डोक्याच्या. फौजेत असताना साहेब लोकाईच्या खेळात एक गडी कमी पडला म्हनून ह्यायले उभं केलं, आन तेव्हापासून सुभेदारानं तो खेळ सोडला नाई. अमरावतीले गावाबाहेर एक जुनं मैदान हाय, तिथं रिटायर मंडळी हिवाळ्यात जमते. संक्रांतीनंतर जोडीजोडीनं सामना होते. सुभेदाराचे जोडीदार मेश्राम साहेब. ते अकोल्याले घरी आले, लय मायेनं जवळ बसले आन म्हनले, "सुभेदार, औंदा तुमी खुर्चीवर बसा. हार घालू, बक्षिसं तुमच्या हातानं देऊ."

"इवाई," सुभेदार मले आंगनात सांगत होते, "झटका आला तेव्हा बी येवढं लागलं नोतं. हार घालून खुर्चीवर बसवतात म्हंजे काय, हे तुमाले समजते ना?"

"फोटोत बसवल्यावानीच झालं," म्या म्हनलं. असं बोलू नये हे मले बोलून झाल्यावर समजलं. पन ते म्हनले, "बरोबर. तेच."

म्हंजे खुर्ची का काठी, येवढाच सवाल होता त्या हिवाळ्यात. लांबचा फटका आता त्यायच्यात राहिला नोता. चेंडू दूरवर हानायचा तं कंबर फिरली पाहिजे, मनगट वळलं पाहिजे. ते गेलं ते गेलं. पन भोकाच्या जवळ आल्यावर जो हलकासा टोला असते, जरासा उडवायचा आन बाकीचा गडगडत सोडायचा, त्याले ते चिप म्हनत. तो सुधारला तं आपन खेळू शकतो, असा त्यायचा हिशोब. "दुसरे दोन फटक्यात पोचतीन, मी तीन फटक्यात पोचीन. पन दाराशी आल्यावर मी चुकनार नाई." असं ते बोलले तेव्हा तोंडाच्या दोन्ही बाजू एकसारख्या होत्या.

त्यायले पाहिजे होती सपाट, कडक जागा, चेंडू गडगडला पाहिजे अशी. अमरावतीच्या मैदानावर भोकाभोवती हिरवळ नाई, आपल्याकडच्या उन्हात कोन पोसते तिले. तिथं रेती अंथरून, तेल टाकून, चोपून गोल केलेला हाय. मी हे ऐकलं आन छाती ठोकून म्हनलं, "इवायबुवा, खळं करून देतो."

आता खळं आमच्याकडं कोनी करत नाई. थ्रेशर येते, धूळ करते, पोतं भरते आन निघून जाते. पह्यले जवारीचं पीक यायचं तेव्हा माहा बाप खळं करायचा. जागा खरडायची, पानी मारायचं, बैलं फिरवायचे, चोपायचं, आन शेनानं सारवून वाळवायचं. बापाच्या खळ्यावर दाना पडला तं वाजायचा. मी सुभेदाराले सांगितलं, बापाचं पाहून शिकलो. पाहिलं हे खरं हाय. फक्त धुऱ्याच्या बांधापलीकडून, हुरडा खाता खाता पाहिलं.

शोभा कमरेवर हात ठेवून उभी. "जवारीले खळं केलं नाई, सोयाबीनले केलं नाई, आन गोटीसाठी खळं करून राहिले?"

"गोटीसाठी नाई. इवाईसाठी."

 पोरीच्या सासऱ्याच्या पुढं आमच्या घरी देवाचं बी चालत नाई. तिनंच शेन आनून दिलं.

म्या जीव ओतला त्या खळ्यात. एका बाजूले ढाळ राहून गेला, तं म्या म्हनलं बरंच हाय, पाऊस आला तं पानी निघून जाईन. हिवाळ्याचे दिवस होते. मधात तुपाचा रिकामा डबा गाडला, ते भोक. आन शेवटी इवाईचा मान म्हनून शेनाचा हात असा जाडजूड फिरवला का पुरनपोळीवर तूप फिरवावं. सुभेदार सकाळी दाढी करून, इस्त्रीची पँट घालून हजर, धुऱ्यावर बसून एका हातानं बुटाची नाडी बांधून राहिले. नाडी बांधू लागायले मी वाकलो तं म्हनले, "इवाई, तेवढं राहू द्या." उभे राहिले. मारला. चेंडू छान उडाला, खळ्यावर पडला आन थपकन तिथंच रुतून बसला, जसं का कोंबडीनं अंडं दिलं.

सुभेदारानं बराच वेळ त्या अंड्याकडं पाहिलं. मंग म्हनले, "सारवलं कधी?"

"आताच. ताजं हाय."

तेव्हा ते हसले. अर्ध्या तोंडानं हसले, पन येवढे हसले का काठीचा आधार घ्यावा लागला. उन्हानं खळं वाळायले दोन दिवस गेले. वाळलं तं काय सांगू, चेंडू त्याच्यावरून असा सळसळत जायचा आन डब्यात टन्न वाजायचा. तो आवाज अजून माह्या कानात हाय. हिवाळ्यातल्या सकाळी, धुकं अजून विहिरीवर बसलेलं, दूर कोनाच्या तरी बैलबंडीचा आवाज, आन मधातच टन्न.

एक दिवस त्यायनं मलेही काठी दिली. म्या मनात म्हनलं, हे काय अवघड हाय, लहानपनी मी गोफन फिरवून पाखरं उडवनारा मानूस. पाखरं उडायची हे खरं हाय. गोटा कुठी जायचा हे मात्र कोनाले ठाऊक नोतं. मी काठी अशी धरली जशी कुऱ्हाड धरतात, चेंडूकडं पाहून दात ओठ खाल्ले, मनगट गर्रकन फिरवलं, आन मंग तो माठ.

"इवाई," सुभेदार शांतपने म्हनले, "तुमी चेंडूले उचलून राहिले. कडेवर घेतल्यावानी. त्याले उचलू नका. उचलायचं काम लोखंडाचं हाय. तुमी फक्त समोरच्या पायावर वजन ठेवा, मनगट बांधलेलं ठेवा, आन हात जाऊ द्या."

"मनगट बांधलेलं कसं ठेवू? ते तं फिरतेच."

"माह्यं फिरत नाई," ते म्हनले. आन बोलता बोलता थांबले. आपल्या उजव्या हाताकडं असं पाहिलं जसं कोनी बऱ्याच दिवसाच्या रुसलेल्या भावाकडं पाहते. इतके महिने त्या मनगटाले वाकवायसाठी डॉक्टरानं तेल लावलं, गोळे दाबायले दिले. आन ह्या एका फटक्यात ते न वाकनंच पाहिजे होतं. मले खेळातलं काही समजत नाई, पन त्या दिवशी त्यायचा चेहरा पाहून मले समजलं का आता हा मानूस खुर्चीवर बसनार नाई.

तसं सरळ काही झालं नाई. हात कधी चाले, कधी संपावर जाये. चेंडू कधी खळ्याच्या पार पऱ्हाटीत. आन फुटलेल्या पऱ्हाटीत पांढरा चेंडू हरवनं म्हंजे काय, हे गोल्फ शोधून काढनाऱ्याले कधी सुचलं नसन. मी वाकून वाकून प्रत्येक बोंडात हात घालत फिरायचो. वेचनीच्या बाया तिकून ओळीनं येत. एकीनं ओटीत हात घातला आन कापसासंग चेंडू बाहेर काढला. "भाऊ," ती म्हने, "तुमच्या पऱ्हाटीले हे बोंड कोनतं लागलं? बी लय मोठी हाय." बाकीच्या खदखदून हसल्या. सुभेदार मात्र काठी बाजूले ठेवून पुढं गेले, दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, एकच नीट जुळला, आन म्हनले, "बाई, तुमच्या कामात आडवा आलो, माफ करा."  दुसऱ्या दिवसापासून त्या बाया चेंडू शोधून धुऱ्यावर ओळीनं मांडून ठेवत. मी त्याच वावराचा मालक, मले आजपावतर कोनी तांब्याभर पानी ओळीनं मांडून ठेवलं नाई.

मले आता वाटते, लांबचं सगळ्यायले जमते. मी तेल्हाऱ्यापासून ट्रॅक्टर घेऊन अकोल्याच्या बाजारापावतर गेलो हाय, ट्रकांच्या गर्दीतून सुखरूप काढला हाय, आन घरी येऊन आपल्याच फाटकाले धडकवला हाय. मानूस दाराशी आल्यावर गडबडते. दूर असते तोपावतर जोर लावता येते, जोर लावनं सोपं. जवळ आल्यावर जोर कमी करा म्हनतात, ते कोनी शिकवत नाई. सुभेदार एका जागी उभे राहून तोच टोला पुन्हा पुन्हा मारत. चांगला गेला तरी तोच चेहरा, वाईट गेला तरी तोच. माह्यं तसं नाई. मले एखादं वांगं मोठं लागलं तरी मी गावभर दाखवून येतो.

एका दिवशी मात्र सुभेदाराचा हात अजिबात ऐकेना. थंडी लय होती, बोटं निळी पडली होती. चेंडू पायाजवळच घुटमळून राहिले. ते धुऱ्यावर जाऊन बसले. काठी आडवी ठेवली. तुरीच्या शेंगा वाऱ्यावर वाजून राहिल्या होत्या.

"इवाई," ते म्हनले, "मेश्राम चुकीचं बोलले नोते. खुर्चीच बरी दिसते."

मले हिंमत देता येत नाई. तोंड उघडलं तं काय निघन याचा भरवसा नाई, त्यामुळं मी गप काठी उचलली, आन काही तरी करावं म्हनून एक चेंडू मारला. तो खळ्याच्या उलट्या बाजूले गेला, विहिरीच्या काठावर एकदा उडाला आन आत पडला. बुडूक.

सुभेदार माह्याकडं पाहत राहिले. "विहीर दिसत नोती का तुमाले?"

"दिसत होती. म्हनूनच तं तिकडं पाहून सावध उभा होतो."

 मंग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "द्या इकडं. तुमचं मारनं पाहवत नाई." आन त्या दिवशी उन्हं कलेपावतर ते खळ्यावरून हटले नाई.

संक्रांत झाली. शोभाच्या तिळगुळाची चव तोंडात असतानाच आमी गाडीनं अमरावतीले निघालो. अकोल्यावरून ईनबाई बसल्या, बडनेरा आल्यावर त्यायनं नवऱ्याची कॉलर सरळ केली, बस. थैला मी धरला होता. मैदानावर गेलो तं झाडाखाली खरंच एक खुर्ची होती, चादर टाकलेली, हार बाजूच्या टेबलावर. मेश्राम साहेब उठून आले. सुभेदारानं त्यायचा हात डाव्या हातानं धरला आन म्हनले, "जोडी कायम हाय ना?"

मेश्राम साहेबानं त्या लाकडासारख्या उजव्या हाताकडं पाहिलं, मंग माह्या खांद्यावरच्या थैल्याकडं. "कायम हाय," ते म्हनले. पन डोळ्यात काळजी होती, ते मले दिसलं.

सुभेदाराचे लांबचे फटके खरंच अर्ध्यावरच पडायचे. दुसऱ्या जोडीतले लोकं नजर दुसरीकडं वळवायचे, कोनी पडलं तं आपन वळवतो तशी. पन रेतीच्या गोलाजवळ आले का हा मानूस वेगळा होई. वजन समोर, मनगट बांधलेलं, टप्प, आन चेंडू गडगडत जाऊन भोकाच्या आजूबाजूले थांबे. एकदा, दोनदा, सारखंच. नजर वळवनारे आता थांबून पाहायले लागले. मेश्राम साहेब तं पान खायचं विसरून गेले.

शेवटच्या भोकाले मले भोकातलं झेंड्याचं निशान काढायले पाठवलं. मी थैला सांभाळत, रुबाबात, रेतीच्या गोलावरून सरळ चालत गेलो. निशान काढलं, वळलो, आन पाहतो तं माह्या चपलीचे ठसे, इकडून तिकडं, बरोबर सुभेदाराच्या चेंडूच्या वाटेवर. बैल सुद्धा खळ्यावरून असा चालत नाई.  मेश्राम साहेब म्हनले, "पुसून घेऊ. हरकत नाई." दुसऱ्या जोडीतला एक जन म्हनला, "तुमच्याच मानसाचे पाय हायेत साहेब, पुसता येनार नाई. कसं करता ते पाहा."

  मले वाटलं आता भोकातच उतरून जावं, पन ते बी माह्या मापाचं नोतं.

"राहू द्या ठसे," सुभेदार म्हनले. त्यायनं वाट बदलली. गोलाच्या एका बाजूले जरासा चढ होता, चेंडू त्याच्या पोटावर टाकला, तो ढाळानं वळला, माह्या शेवटच्या ठशाच्या कडेनं वाकडा फिरत गेला आन भोकापासून हातभर थांबला. त्यायनं डोळे वर केले नाई. तसेच उभे राहिले, फटका संपल्यावर हात जिथं थांबला तिथंच. मेश्राम साहेबानं जाऊन बाकीचं पुरं केलं.

जिंकलो नाई आमी. मधातच कुठी तरी नंबर आला. पन बक्षिसाच्या वेळेले मेश्राम साहेब स्वतः जाऊन त्या खुर्चीवर बसले आन म्हनले, "सुभेदार, इकडं पाहू नका. ही खुर्ची आता माही हाय, माह्यानं होत नाई तुमच्यासंग फिरनं." सगळे हसले. सुभेदार बी हसले, पूर्न तोंडानं. डॉक्टर काहीही म्हनो, म्या पाहिलं.

त्या हिवाळ्याचा विचार केला का मले अजून तो वाकडा फिरनारा चेंडू दिसते. आन त्याच्या मागं उभा असलेला मानूस, ज्याच्या आंगातून येवढं गेलं आन ज्यानं उरलेल्याले नीट धरलं. मले जर झटका आला असता तं मी अख्ख्या गावाले चहा सांगून खाटीवर पडलो असतो, आन खुर्ची दिली असती तं दोन मागितल्या असत्या.

परत येताना अकोल्याले त्यायच्या घरी चहाले थांबलो. मी फुगलो होतो, लपवत बी नोतो. ईनबाई कप घेऊन आल्या तं म्या म्हनलं, "पाहिलं ना ईनबाई? शेवटचा चेंडू ढाळावरून वळवला तो. तसा ढाळ फक्त आमच्या खळ्याले हाय. तुमी इतके दिवस डॉक्टराकडं नेऊन राहिले, शेवटी कामी आला तो तेल्हाऱ्याचाच मानूस."

ईनबाईनं कप माह्या हातात दिला, साखर हाय का ते चमच्यानं पाहिलं, आन म्हनल्या,

"हात चालवनारे डॉक्टर इथं ढीगभर होते, भाऊ. ह्यायच्याहून ज्याचा हात खराब, असा सोयऱ्यात एकच मानूस होता, म्हनून तुमच्याकडं आनून सोडले."